ना. म. जोशी मार्गावरचे ना. म. जोशी

लोअर परळला ऑफिस असेल तर हे नाव तुम्ही रोज वाचता. कॅबवाल्याला सांगता, कुरियरच्या पत्त्यात टाइप करता. पूर्वीचा डिलाईल रोड. पण हे जोशी कोण, असं विचारलं तर 'असतील कोणीतरी पुढारी' एवढ्यावर विषय संपतो. या वीकांताला त्यांच्याविषयी.

नारायण मल्हार जोशी. जन्म १८७९, गाव गोरेगाव. वेस्टर्न लाईनवरचं नव्हे हो! माणगाव तालुक्यातलं, तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातलं. पुण्यात शिक्षण, मग काही वर्षं मास्तरकी. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली.

कल्पना अगदीच नवी नव्हती. लंडनच्या गरीब वस्तीत १८८४ पासून टॉयन्बी हॉल चालू होता. विद्यापीठात शिकलेली मुलं तिथे राहायला जायची आणि शेजाऱ्यांसाठी वर्ग, व्याख्यानं, क्लब चालवायची. शिकागोत जेन अ‍ॅडम्सने १८८९ मध्ये हल हाऊस काढलं. आज आपण ज्याला कम्युनिटी सेंटर म्हणतो त्याचे हे पूर्वज. जोशींनी हीच गोष्ट गिरणगावात केली.

आता गिरणगाव म्हणजे कोण? बरेचसे आपले कोकणातलेच. कुलाबा-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून बोटीने आलेले, घाटावरून आलेले. एका खोलीत एका गावचे दहा-पंधरा पुरुष, पाळीपाळीने झोपणार, जेवण खाणावळीत. बायकापोरं गावाला. म्हणजे माणसं एकटी होती असं नाही, गावमंडळ होतं, भजन होतं. नव्हतं ते वाचनालय, वकील, औषध आणि सावकाराशिवाय कर्ज मिळण्याची सोय.

लीगने नेमकं हेच हातात घेतलं. दिवसाच्या आणि रात्रीच्या शाळा, वाचनालयं, पुस्तकं घेऊन फिरणारी ग्रंथालयं, दवाखाना, गरिबांना कायद्याचा सल्ला, व्यायामशाळा, वस्तीतली स्वच्छता. शिवाय सहकारी संस्था, त्याही शंभराच्या वर. कागदावर पाहिलं तर आजच्या कुठल्याही एनजीओच्या प्रेझेंटेशनमध्ये शोभेल अशी यादी!

पण असं केंद्र चालवताना खरी अडचण कुठे येते? पुस्तकं आहेत, कंदील आहे, शिकवायला स्वयंसेवक आहे... आणि शिकणारा? १९११ च्या फॅक्टरी कायद्याने गिरणीतल्या पुरुषांचं काम 'कमी' करून बारा तासांवर आणलं. कमी करून बारा! त्यानंतर चाळीत यायचं, जेवायचं आणि मग साक्षर व्हायचं. आपण नऊ तास एसीत बसून घरी येतो तेव्हा टीव्हीचा रिमोट उचलायचंही जिवावर येतं. बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्रशाळेत पेंगला तर त्याला शिक्षणाची गोडी नाही, असं म्हणणार का?

जोशींच्या पुढच्या आयुष्याकडे मी असं बघतो. वस्तीत काय कमी आहे हे केंद्र चालवणाऱ्याला सगळ्यांत आधी कळतं, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टींचं उत्तर केंद्रात नसतं. ते गिरणीच्या घड्याळात असतं, पगारात असतं, कायद्यात असतं. जोशी तिकडे गेले. १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला, १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत. १९२१ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला. तो कायदा यायला १९२६ उजाडलं. १९२४ मध्ये बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही, पण १९२९ मध्ये मुंबई प्रांताने तसा कायदा केला. दरम्यान १९२२ मध्ये कामाचे तास दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ झाले होते.

सगळं गोड नव्हतं. लीगचं काम देणग्यांवर चालायचं आणि देणगीदारांत गिरणीमालक होते. परळच्या लीगच्या सभागृहाचं नावच दामोदर ठाकरसी मूळजी. ठाकरसी हे गिरण्यांचं घराणं. एका हाताने मालकाची देणगी घ्यायची, दुसऱ्या हाताने मालकाला नको असलेला कायदा मागायचा, ही कसरत सोपी नाही. कामगारांनाही जोशी मवाळ वाटायला लागले. १९२८ च्या मोठ्या संपानंतर गिरणगाव लाल बावट्याकडे वळला आणि जोशींची युनियन मागे पडली.

तरी दामोदर राहिलं. १९२२ पासून तिथे कामगारांची नाटकं झाली. कोकणातून आलेल्यांनी नमन, शक्ती-तुरा, दशावतार तिथे आणले. मालकाच्या नावाची वास्तू चाकरमान्यांची झाली ती अशी. देणगी कोणाची यापेक्षा रात्री स्टेजवर कोण उभं राहतं यावरून जागा कोणाची ते ठरतं, नाही का?

१९५५ मध्ये जोशी गेले. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्या जागी आपली ऑफिसं आली. २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी दामोदर बंद झालं, तेव्हा रंगकर्मी आंदोलनाला उतरले. मागणी साधी होती: आमचं नाट्यगृह आम्हाला होतं तेवढंच परत द्या. बाहेरच्याला ती हट्टाची वाटेल. पण लहान सभागृह म्हणजे कमी खुर्च्या, कमी तिकिटं, आणि मग हौशी मंडळाला न परवडणारं भाडं. जागा लहान झाली की माणसं गळतात, कोणी हाकलावं लागत नाही.

आपल्यातले अनेक जण शनिवार-रविवारी वस्तीत शिकवायला जातात. चांगलंच आहे, जरूर जा. फक्त एखादा मुलगा सलग तीन आठवडे आला नाही तर हजेरीत नुसती फुली मारू नका. तो कुठे कामाला लागलाय आणि किती वाजता सुटतो, एवढं विचारा. ना. म. जोशींचं निम्मं काम या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात होतं.