ओहोटीने सरखेलांच्या घरी

पालघरकडच्या मुरबे गावच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ओहोटी कधी लागते हे घड्याळात बघावं लागत नाही. अंगात मुरलेला तोच हिशोब घेऊन अलिबागच्या वाळूत उतरा. पाणी हटलंय. चिखल तुडवत, शेवाळलेल्या खडकांवर पाय जपून टाकत कुलाबा किल्ल्याच्या तटाशी या. तटाला हात लावा. प्रचंड धोंडे एकावर एक नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. लाट फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो.

आता साल 1721 आहे, डिसेंबर महिना. महादरवाज्यावर पहारेकरी भाला आडवा धरतो.

“कुठले?”

“मुरब्याचा.”

“म्हणजे फिरंग्याच्या मुलखातले!”

त्याचं चुकत नाही. माहीम, केळवं, तारापूर, सगळी पट्टी अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात आहे आणि तेच पोर्तुगीज इंग्रजांशी हातमिळवणी करून या किल्ल्यावर चालून आलेत. तुमच्या तळहातांवर वल्ह्याचे घट्टे पाहून तो वाट देतो.

आत सरखेल कान्होजी आंग्रे यांचं बिऱ्हाड आहे. मराठ्यांच्या आरमाराचा हा प्रमुख समुद्रापासून दूर राहतच नाही. खालून माणसं तोफांची दारू वाहतायत. एरवी याच ठिकाणाहून दस्तकाचा, म्हणजे समुद्री परवान्याचा कारभार चालतो. सरखेलांचं दस्तक न घेता कोकणपट्टीवरून व्यापारी जहाज गेलं, तर गुराबा आणि गलबतं ही त्यांची लढाऊ जहाजं त्याच्या मागे लागतात. इंग्रज याला चाचेगिरी म्हणतात. पण त्यांच्या जोडीला आलेल्या पोर्तुगीजांनी समुद्रात असेच परवाने आधी शंभराहून अधिक वर्षं विकले, हे विसरू नका.

बाहेर इंग्रजांचा कमोडोर मॅथ्यूज घोड्यावर आहे. एका मराठा स्वाराचा भाला त्याच्या मांडीत घुसतो. चवताळून तो पाठलाग करतो, पिस्तूल रोखतो, चाप ओढतो. बार भरलेलाच नाही! पुढे बाजीराव पेशव्यांची फौज येते, पोर्तुगीज वेगळा तह करून मोकळे होतात आणि मोहीम फसते.

पुढच्या पायरीवर पाय ठेवा: 4 जुलै 1729. पाऊस कोसळतोय, दर्या बंद आहे, गलबतं ओढून वर घेतलीत. आरमार विसावलेलं असताना कान्होजी या किल्ल्यात देह ठेवतात. याच साली पिंजरा बुरुजाजवळ मोठी आग लागून बरीच घरं जळतात.

1739 च्या जानेवारीत कान इकडे नको, उत्तरेला द्या. बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या मोहिमेत माहीम, केळवं, शिरगाव, तारापूर पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती येतात. तारापूरच्या तटाशी मराठा सरदार बाजी भिवराव कामी येतात. पहारेकऱ्याचा तो टोमणा आता खोटा ठरलाय.

1759 मध्ये राघोजी आंग्रे गणपतीचं देऊळ बांधतात. ते आजही उभं आहे, गोड्या पाण्याची पुष्करणीही. वाड्याचं नशीब तसं नव्हतं. 1787 च्या आगीत आंग्र्यांचा वाडा जळाला.

आणि मला सर्वांत जास्त लागतं ते पुढचं. 1840 साली इंग्रजांनी वारसाचा हक्क नाकारून आंग्र्यांचं संस्थान खालसा केलं. 1842 मध्ये चला, डोळे उघडे ठेवा. किल्ल्यातल्या इमारतींचं लाकूड लिलावात निघालंय. सागाच्या तुळया, खांब, दाराच्या चौकटी, सगळ्यांवर बोली लागतेय. दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला जातायत. तोफा, ज्वाळा आणि उधाण यांनी जे पुरतं संपवलं नव्हतं, ते कारकुनाच्या वहीत संपलं. बुरुज मोजायला आपण पर्यटक येतो, पण आरमाराच्या प्रमुखाचं घरदार, ज्या ओसरीवर मोहिमा ठरल्या असतील ती जागा, कुणाला दाखवावीशीही वाटली नाही. निदान तुम्ही तरी देवळाकडे वळण्याआधी वाड्याच्या पडक्या जोत्यांपाशी थोडं थांबा. पाणी चढायला लागायच्या आत निघा, आणि परतताना अलिबाग गावात कान्होजींच्या समाधीपाशीही जा.