बावला खून खटला

बावला खून खटला हा १९२५ साली मुंबईत चाललेला गाजलेला फौजदारी खटला होय. संबंध तोडून गेलेल्या स्त्रीला बळाने परत नेण्याच्या प्रयत्नातून हा गुन्हा घडला.

पार्श्वभूमी

मुमताज बेगम ही इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारातील नर्तकी व त्यांची प्रेयसी होती. इंदूरला परतण्यास नकार देऊन ती मुंबईतील धनिक व्यापारी अब्दुल कादर बावला यांच्या आश्रयास राहिली.

घटना

१२ जानेवारी १९२५ रोजी सायंकाळी मलबार हिल येथे दोघांची मोटार अडवण्यात आली. गोळीबारात बावला मृत्युमुखी पडले, तर मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी हल्लेखोरांशी झुंज देऊन तिची सुटका केली.

खटला व परिणाम

सुनावणी मुंबई उच्च न्यायालयात झाली. आरोपींच्या वकिलांमध्ये महंमद अली जिना होते. तिघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली व प्रिव्ही कौन्सिलने अपील फेटाळले. संस्थानिक असलेल्या महाराजांवर मात्र खटला चालला नाही. ब्रिटिश सरकारने चौकशी आयोग किंवा राज्यत्याग असे दोन पर्याय ठेवल्यावर त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली.