जॉर्ज दोरियो आणि साहस भांडवलाची जडणघडण (१९४६–१९७२)

प्रस्तावना

नव्या तंत्रज्ञानावर उभ्या राहणाऱ्या उद्योगाची एक मूलभूत अडचण असते. आरंभीच्या काळात त्याच्याकडे तारण ठेवण्याजोगी मालमत्ता नसते, मागील वर्षांचा ताळेबंद नसतो आणि जी वस्तू विकावयाची तीही अनेकदा पूर्णत्वास गेलेली नसते. त्यामुळे बँका अशा उद्योगास कर्ज देण्यास धजत नाहीत आणि भागबाजार त्याची दखल घेत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ही उणीव भरून काढण्याचा संघटित प्रयत्न बॉस्टन येथील 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन' (यापुढे 'एआरडी') या संस्थेने केला. या संस्थेचे पाव शतक नेतृत्व करणारे जॉर्ज दोरियो हे आधुनिक साहस भांडवलाचे जनक मानले जातात. दोरियो यांची कल्पना जगभर रुजली, परंतु त्यांनी उभी केलेली संस्था मात्र १९७२ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. कल्पना टिकली आणि संस्था टिकली नाही, असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वायुष्य

दोरियो यांचा जन्म २४ सप्टेंबर १८९९ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील ऑग्युस्त दोरियो हे प्यूजो कंपनीत काम करीत. १८९४ च्या पॅरिस ते रुआँ या प्रसिद्ध मोटार स्पर्धेत त्यांनी भाग घेतला होता व पुढे भागीदारांसह स्वतःचा मोटारींचा कारखाना काढला. नवे यंत्र आणि ते बाजारात उभे करण्याची धडपड या दोन्ही गोष्टी दोरियो यांनी अशा प्रकारे घरातच पाहिल्या. पहिल्या महायुद्धात फ्रेंच तोफखान्यात सेवा केल्यानंतर १९२१ मध्ये ते अमेरिकेस गेले. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील शिक्षण आणि न्यूयॉर्कमधील वित्तव्यवसायाचा अल्पकाळ अनुभव यांनंतर ते १९२६ च्या सुमारास हार्वर्डमध्ये अध्यापक म्हणून परतले व १९६६ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. त्यांच्या अभ्यासक्रमाचे नाव 'उत्पादन' असे होते. प्रत्यक्षात मात्र उद्योग चालविणाऱ्या माणसाची घडण कशी व्हावी, हाच त्याचा गाभा होता.

१९४० मध्ये दोरियो अमेरिकेचे नागरिक झाले. युद्धकाळात सैन्याच्या पुरवठा विभागातील नियोजन शाखेची धुरा त्यांच्याकडे आली आणि ते ब्रिगेडियर जनरल या हुद्द्यापर्यंत पोहोचले. सैनिकांचे कपडे, बूट, शिधा यांसारख्या वस्तू युद्धभूमीच्या गरजेनुसार नव्याने घडविणे हे या शाखेचे काम होते. संशोधक, कारखानदार आणि वापर करणारा यांना एकत्र आणल्यास प्रयोगशाळेतील कल्पना थोड्या काळात उपयोगात येऊ शकते, हा अनुभव त्यांना या कामातून मिळाला.

एआरडीची स्थापना व उद्देश

एआरडीची नोंदणी जून १९४६ मध्ये झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे (एमआयटी) अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन, बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष राल्फ फ्लँडर्स आणि गुंतवणूक क्षेत्रातील मेरिल ग्रिसवोल्ड हे तिचे प्रवर्तक होते. नव्या उद्योगांना भांडवल देण्याचे काम तोवर रॉकफेलर, व्हिटनी यांसारखी धनाढ्य घराणी आपल्या खासगी संपत्तीतून करीत. दुसरीकडे देशातील बचत विमा कंपन्या आणि गुंतवणूक न्यास यांच्याकडे साचत होती व सुरक्षित रोख्यांत अडकून पडत होती. या बचतीचा अल्पसा भाग तरी नवनिर्मितीकडे वळला पाहिजे, अशी फ्लँडर्स यांची भूमिका होती. म्हणूनच एआरडी ही खासगी भागीदारी न राहता कोणासही समभाग घेता येतील अशी सार्वजनिक कंपनी झाली. संस्थेस ५० लाख डॉलर उभे करावयाचे होते. प्रत्यक्षात सुमारे ३५ लाख डॉलर जमले. सैन्यातून मोकळे झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस दोरियो यांनी अध्यक्षपद स्वीकारले.

कार्यपद्धती

सामान्य कल्पना घेऊन आलेला उत्तम माणूस हा उत्तम कल्पना घेऊन आलेल्या सामान्य माणसापेक्षा अधिक भरवशाचा, हे दोरियो यांच्या निवडीचे सूत्र होते. पैसा दिल्यानंतर संस्थेचे काम संपत नसे. संचालक मंडळात बसणे, हिशेबाची शिस्त लावणे, योग्य सहकारी मिळवून देणे आणि अडचणीच्या काळात पाठीशी उभे राहणे ही जबाबदारीही ती घेई. व्हॅन डी ग्राफ जनित्राच्या आधारे कर्करोगावरील क्ष-किरण उपचारांची यंत्रे बनविणारी 'हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग' ही कंपनी आरंभीच्या गुंतवणुकींपैकी होय. सर्वच निवडी यशस्वी ठरल्या नाहीत. पॅसिफिक महासागरातील ट्यूना मासळीच्या उद्योगात घातलेला पैसा बुडाला. नफा येण्यास वर्षानुवर्षे लागत आणि तोपर्यंत भागधारकांना लाभांश मिळत नसे. त्यामुळे एआरडीच्या समभागाचा बाजारभाव अनेक वर्षे तिच्या मालमत्तेच्या मूल्याहून कमी राहिला.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन

१९५७ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील केनेथ ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे दोन तरुण अभियंते एआरडीकडे आले. संगणकाच्या व्यवसायात त्या काळी बहुतेक कंपन्यांना तोटा होत असल्याने प्रस्तावात 'संगणक' हा शब्दच वापरू नये, असा सल्ला त्यांना देण्यात आला. एआरडीने ७०,००० डॉलर भांडवल देऊन नव्या कंपनीतील सुमारे ७० टक्के हिस्सा घेतला आणि काही रक्कम कर्जाऊ देण्याची तयारी दर्शविली. मेनार्ड येथील एका जुन्या लोकर गिरणीत कंपनीचे काम सुरू झाले. प्रथम तिने इलेक्ट्रॉनिक सर्किटचे सुटे संच विकले. त्यातून हाती पैसा आल्यावर 'पीडीपी-१' हा संगणक तयार केला. १९६५ मधील 'पीडीपी-८' या सुमारे १८,००० डॉलर किमतीच्या लघुसंगणकामुळे प्रयोगशाळा आणि कारखाने यांना स्वतःचा संगणक घेणे शक्य झाले.

१९६६ मध्ये कंपनीचे समभाग २२ डॉलर दराने जनतेस विक्रीस आले, तेव्हा एआरडीच्या हिश्श्याचे मूल्य ३ कोटी ८५ लाख डॉलर झाले होते. त्यानंतरच्या सुमारे पाच वर्षांत ते ३५ कोटी डॉलरच्या पुढे गेले. मूळ रकमेची ही सुमारे पाच हजार पट होती. या वाढीचा फार मोठा भाग गुंतवणुकीला नऊ वर्षे उलटून गेल्यानंतरचा आहे, ही बाब विशेष महत्त्वाची होय. १९६६ मध्येच हिस्सा विकला असता तरी तो यशाचा विक्रम ठरला असता. दोरियो थांबले, आणि त्यांच्या धीराचे मूल्य त्यानंतर दिसून आले.

यशातील विसंगती

याच यशाने संस्थेच्या रचनेतील दोष उघड केला. सार्वजनिक गुंतवणूक कंपनी म्हणून एआरडीवर सरकारी रोखे आयोगाचे (एसईसी) नियंत्रण होते. नफ्याची खात्री नसलेल्या, बाजारात भाव नसलेल्या समभागांचे मूल्य कसे ठरवावे, यावरून आयोगाशी वारंवार वाद झाले. साहाय्य केलेल्या कंपन्यांच्या समभागांत एआरडीच्या अधिकाऱ्यांना वाटा देण्यासही नियमांचा अडसर होता. ज्यांच्या परिश्रमातून एखादा उद्योजक कोट्यधीश होई, ते अधिकारी स्वतः केवळ पगारदार राहत. १९६५ मध्ये ज्येष्ठ सहकारी विल्यम एल्फर्स यांनी एआरडी सोडून 'ग्रेलॉक' ही भागीदारी संस्था स्थापन केली. पश्चिम किनाऱ्यावर पालो अल्टो येथे १९५९ च्या सुमारासच मर्यादित भागीदारीचे रूप पुढे आले होते. या रूपात व्यवस्थापकांना नफ्यात थेट वाटा मिळे आणि सार्वजनिक कंपनीवरील बहुतेक बंधने लागू होत नसत. १९७२ मध्ये एआरडी टेक्सट्रॉन कंपनीत विलीन झाली. त्याच वर्षी दोरियो यांचे विद्यार्थी टॉम पर्किन्स यांनी कॅलिफोर्नियात यूजीन क्लायनर यांच्यासमवेत नवी भागीदारी संस्था काढली. गुरूची संस्था आणि शिष्याची संस्था यांतील हे अंतर केवळ भौगोलिक नव्हते.

भागीदारीच्या रूपाने व्यवस्थापकांना न्याय मिळाला, परंतु दोन गोष्टी मागे पडल्या. अशा निधीची मुदत सामान्यतः दहा वर्षांची असते. एआरडीला अशी कालमर्यादा नव्हती. तसेच भागीदारीची दारे मोठ्या संस्था आणि धनिकांनाच खुली राहिली. सामान्य बचतदारालाही या जोखमीत व लाभात सहभागी होता यावे, हा १९४६ चा हेतू त्यामुळे बाजूला पडला. हाच प्रश्न पुढे भारतातही वेगळ्या स्वरूपात उपस्थित झाला. १९८८ मध्ये आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी 'टीडीआयसीआय' ही साहस भांडवल संस्था स्थापन केली. तिच्या दोन प्रवर्तकांपैकी युनिट ट्रस्टची उभारणी लहान बचतदारांच्या पैशावर झालेली होती.

निष्कर्ष

दोरियो यांचे निधन जून १९८७ मध्ये झाले. तारणाऐवजी माणसावर विश्वास ठेवून दिलेले भांडवल समाजालाही लाभदायक ठरते, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. मात्र जोखीम पत्करणारा बचतदार, परिश्रम करणारा व्यवस्थापक आणि उद्योजक या तिघांनाही योग्य वाटा देणारी आणि तरीही घाई न करणारी रचना त्यांना साधली नाही. त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी यांपैकी व्यवस्थापकाचा प्रश्न सोडविला. सामान्य बचतदाराचा आणि दीर्घ प्रतीक्षेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. म्हणून साहस भांडवलाच्या इतिहासात दोरियो यांचे स्थान केवळ एका विक्रमी गुंतवणुकीपुरते मर्यादित ठरत नाही. त्यांनी आरंभी समोर ठेवलेला सार्वजनिक हेतू अद्याप अपूर्ण आहे, आणि त्यांच्या कारकिर्दीचा अभ्यास त्या हेतूच्या संदर्भातच होणे आवश्यक आहे.