पाडण्याआधी एकदा कारखाना वाचून घ्या

देवळ्याहून निघालं की गिरणा खोऱ्यात साखरेच्या तीन खुणा लागतात. विठेवाडीचा वसाका आपल्याच तालुक्यात. पुढं मालेगाव तालुक्यात दाभाडीचा गिरणा कारखाना, आणि रावळगाव. एकेकाळी हंगामात या रस्त्यांना बैलगाड्यांची रांग लागायची, मळीच्या वासानं गाव ओळखू यायचं. आता विषय निघतो तो भंगाराचा, जमिनीचा आणि बोलीचा.

माझ्या धंद्यामुळं बंद गेटासमोर उभं राहायची वेळ बऱ्याचदा आली. आत न जाताही बाहेरून कारखाना वाचता येतो, कारण सगळीकडं क्रम एकच. आधी काटा. शेतकऱ्याचा जीव इथंच अडकायचा, कारण वर्षाचा हिशोब या वजनावर. मग गव्हाण, जिच्यात पहिली मोळी टाकली की हंगाम सुरू. पुढं मिलचे रोलर, रसाला चुना-गंधक देऊन साफ करणारा विभाग, उकळायचे पॅन, साखर न् मळी वेगळी करणारी सेंट्रिफ्युगल यंत्रं, शेवटी गोडाऊन. उरलेलं चिपाड बॉयलरमध्ये, त्याच्यावर वाफ, वाफेवर सगळा कारखाना. म्हणजे ऊसच ऊस गाळायचा. चिमणी म्हणजे या सगळ्याची पावती.

आता थोडं मागं जाऊ. रावळगावचा कारखाना वालचंद हिराचंदांचा, 1933 चा, खाजगी. स्वातंत्र्यानंतर वारं बदललं. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं, सोबत धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहतांसारखी माणसं. 1950-51 ला तिथं पहिला हंगाम झाला. त्या यशानंतर सहकारी कारखान्यांना परवाने मिळू लागले आणि त्याच दशकात दाभाडीला गिरणा उभा राहिला. वसाका त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

यातली एक गोष्ट नव्या पोरांना माहीत नसते. कारखाना नुसत्या सरकारी पैशावर किंवा कर्जावर उभा राहत नव्हता. सभासदाचा शेअर असायचा, आणि दरवर्षी उसाच्या बिलातून टनामागं कपात व्हायची. कधी परतीची ठेव, कधी बिनपरतीची. दोन एकरवाल्याचं मत आणि पन्नास एकरवाल्याचं मत एकच. कागदावर तरी तो मालक होता. त्या भिंतीत कुणाच्या तरी आजोबाच्या बिलातले पैसे आहेत, हे मी भावनेनं म्हणत नाहीये, हिशोबानं म्हणतोय.

मग मोडलं कुठं? ऊस बारमाही पाणी मागतो आणि आपलं खोरं दर काही वर्षांनी कोरडं पडतं. शेतकरी कांद्याकडं वळला, डाळिंबाकडं वळला. ऊस कमी, गाळप कमी, पण व्याज तेवढंच. त्यात कारभाराचे प्रश्न, राजकारण. कर्ज थकलं की तारण काय? जमीन, इमारत, यंत्रं. 2010 मध्ये गिरणा कारखाना कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या लिलावात 27 कोटी 55 लाखाला एका खाजगी कंपनीकडं गेला. 2017 ला त्या मालमत्तेवर ईडीची जप्ती आली. त्याचं राजकारण इथं बाजूला ठेवतो. वसाका राज्य सहकारी बँकेच्या ताब्यात गेला, भाड्यानं दिला गेला, पुन्हा थांबला.

एक आकडा मात्र डोक्यातून जात नाही. 2024 मध्ये रावळगावच्या गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सच्या कंपनीनं 27 कोटींना घेतले. मँगो मूड, पान पसंद ही नुसती नावं. चौदा वर्षांचं अंतर आहे, तुलना सरळ नाही, मान्य. तरी बघा, गोळीच्या नावाला बाजारात किंमत मिळाली. हजारो सभासदांच्या नावांना काय मिळालं?

इमारत पाडूच नका असं मी म्हणणार नाही. गंजलेलं शेड कुणाचं पोट भरत नाही. कामगाराची थकबाकी मिळणार असेल तर विकायलाही हरकत नाही. जर्मनीत एसेनला झोलफेराइन नावाची बंद कोळसा खाण जपली, 2001 ला ती जागतिक वारशात गेली. आपल्याकडं एवढा पैसा नाही. पण कागद जपायला पैसा लागत नाही. सभासद नोंदवही, गाळपाचे आकडे, वार्षिक अहवाल, कामगारांचे हजेरीपट. लोखंड किलोनं विकलं जातं, हे कागद रद्दीत जातात. आणि कागद गेला की, कारखाना कुणाचा होता हा प्रश्नच संपतो.

म्हणून एवढंच करा. घरात जुनं शेअर सर्टिफिकेट, ऊसबिल, काट्याची पावती असेल तर आजच ट्रंकेतून काढा, फोटो काढून ठेवा. कारखान्यात राबलेलं माणूस घरात असेल तर त्याच्याजवळ बसून एक तास रेकॉर्डिंग करा. चिमणी पडायला एक दिवस पुरतो. ती कुणी उभी केली, हे सांगणारी माणसं त्याआधीच कमी होत चाललीत.