नुरा कुस्ती आणि रिकीदोझान

ठरवून खेळलेल्या कुस्तीला आपल्याकडे 'नुरा कुस्ती' म्हणतात. शब्द आखाड्यातला, पण हल्ली तो राजकारणाच्या बातम्यांतच जास्त भेटतो. शाळेत असताना केबलवर परदेशी कुस्त्या बघताना आम्हा मुलांमध्ये एकच वाद चालायचा: हे खरं की नुरा? पुढे रिकीदोझान या जपानी मल्लाबद्दल वाचायला घेतलं, तेव्हाही डोक्यात हाच प्रश्न होता. त्याच्या बाबतीत तो रिंगणापुरता विचारून भागत नाही, हे हळूहळू लक्षात आलं.

१९ फेब्रुवारी १९५४. टोकियोच्या कुरामाए सभागृहात रिकीदोझान आणि त्याचा जोडीदार किमुरा मासाहिको हे बेन आणि माइक शार्प या धिप्पाड गोऱ्या भावांशी लढत होते. अमेरिकेचा लष्करी अंमल संपून दोन वर्षंही झाली नव्हती. जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि घरी संच घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून निप्पॉन टीव्हीने चौकांत, स्टेशनांसमोर संच बसवले होते. त्या संध्याकाळी शिम्बाशी स्टेशनासमोर हजारोंची गर्दी लोटली. काळी लांब विजार घातलेला, शार्प बंधूंपुढे ठेंगणा दिसणारा रिकीदोझान तळहाताच्या कडेने सपासप वार करत होता आणि ते दोघे मागे हटत होते. नऊ वर्षांपूर्वी शरणागती पत्करलेल्या लोकांना काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

लढतीचा साचा ठरलेला असे. परदेशी मल्ल नियम मोडणार, रिकीदोझान बराच वेळ सोसणार, शेवटी संयम सुटल्यासारखा तुटून पडणार. पण पडद्यावर दिसत होतं त्यातलं खरं किती? लोक ज्यांना अमेरिकन समजत होते ते शार्प बंधू कॅनडाचे होते. आणि ज्याला ते जपानचा अस्सल सुपुत्र मानत होते, तो कोरियन होता.

त्याचं नाव किम सिन-राक. जन्म १९२४चा, आज उत्तर कोरियात असलेल्या दक्षिण हामग्योंग प्रांतातला. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. अंगापिंडाने दणकट असलेला हा मुलगा १९४० मध्ये सूमो शिकायला टोकियोत आला. तिथे त्याला रिकीदोझान हे नाव मिळालं: शक्ती, मार्ग आणि पर्वत अशा तीन अक्षरांचं. तो सेकिवाके, म्हणजे वरून तिसऱ्या पायरीपर्यंत चढला आणि १९५० मध्ये एके दिवशी स्वतःच्या हाताने शेंडी कापून सूमोतून बाहेर पडला. कारणांच्या हकिकती वेगवेगळ्या आहेत. कोणी पैशांवरून वस्तादाशी झालेलं भांडण सांगतं, कोणी कोरियन म्हणून मिळालेली वागणूक.

याच सुमारास कागदोपत्री तो मोमोता मित्सुहिरो झाला, जन्मगाव नागासाकी प्रांतातलं ओमुरा. १९५२ मध्ये जपान स्वतंत्र झाला तेव्हा तिथल्या लाखो कोरियन लोकांचं जपानी नागरिकत्व गेलं. म्हणजे ज्या क्षणी देशाला जपानी वीर हवा होता, त्याच क्षणी किम सिन-राक परका ठरला असता. म्हणून त्याच्या या सोंगाला मी नुसती लबाडी म्हणू शकत नाही. ते उतरवण्याची मुभा त्याला नव्हती.

पण त्याला बिचाराही म्हणवत नाही. शार्प बंधूंच्या लढतीत जोडीदार असलेला किमुरा हा ज्युदोतला थोर खेळाडू. १९५१ मध्ये ब्राझीलमध्ये त्याने एलिओ ग्रेसीला हरवलं होतं. २२ डिसेंबर १९५४ रोजी जपानच्या अजिंक्यपदासाठी हे दोघे समोरासमोर आले. कुस्ती बरोबरीत सोडवायची ठरली होती, असं किमुराने पुढे लिहिलं. मध्येच रिकीदोझानने खरेखुरे प्रहार सुरू केले आणि किमुरा रक्तबंबाळ होऊन कोसळला. नुरा म्हणून सुरू झालेली कुस्ती एकाने परस्पर निकाली करून टाकली. किमुराने तो सल आयुष्यभर बाळगला.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९५५ मध्ये, त्याने किंग काँगला हरवून आशियाई किताब घेतला. हा किंग काँग आपल्याकडच्या मागच्या पिढीच्या चांगल्या ओळखीचा. दारासिंगबरोबरच्या त्याच्या 'फ्रीस्टाइल' कुस्त्यांना लोक तिकीट काढून जात. १९६२ मध्ये दारासिंगचा त्याच नावाचा हिंदी सिनेमाही आला. नव्याने स्वतंत्र झालेल्या आपल्या देशालाही अगडबंब परदेशी मल्लाला उचलून आपटणारा आपला माणूस बघायला आवडत होता. फरक इतकाच, की दारासिंगला आपलं गाव लपवावं लागलं नाही.

१९५७ मध्ये लू थेझबरोबरची तासभराची बरोबरी ८७ टक्के प्रेक्षकांनी पाहिल्याचं सांगितलं जातं. पैसा आला, इमारती आल्या, त्याबरोबर दारू, मारामाऱ्या आणि गुंडांच्या टोळ्यांशी ऊठबसही आली. ८ डिसेंबर १९६३ च्या रात्री आकासाकातल्या एका नाइट क्लबमध्ये टोळीतल्या एका तरुणाशी बाचाबाची झाली आणि त्याने पोटात चाकू खुपसला. आठवड्याने, १५ डिसेंबरला, रिकीदोझान गेला. वय ३९. त्याचं मूळ सर्वसामान्य जपानी वाचकापर्यंत पोचायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागली.

त्याच्या पठ्ठ्यांमध्ये तिघांची नावं मोठी झाली: जायंट बाबा, आंतोनियो इनोकी आणि ओकी किंतारो. यातला ओकी म्हणजे कोरियाचा किम इल. रिकीदोझानसारखं व्हायचं म्हणून तो कागदपत्रांशिवाय जपानमध्ये शिरला, पकडला गेला आणि वस्तादाच्या शब्दावर सुटला. जपानी नावाने तो टोकियोत लढला आणि पुढे मायदेशी, दक्षिण कोरियात, स्वतःच्या नावाने लढला. तिथे टीव्हीसमोर जमलेले लोक तो जपानी मल्लांना डोक्याने ढुशा देतो म्हणून जल्लोष करत. वस्तादाचाच खेळ, फक्त बाजू उलटलेली.

इनोकी एप्रिल १९९५ मध्ये प्योंगयांगला गेला. वस्तादाच्या जन्मभूमीत त्याने अमेरिकन मल्ल रिक फ्लेअरशी कुस्ती केली. भरलेल्या त्या प्रचंड स्टेडियममध्ये रिकीदोझान हा कोरियाचा सुपुत्र होता. ते खरंच होतं. पण जिवंतपणी हे वाक्य त्याला शिम्बाशीच्या चौकात उच्चारता आलं नसतं, आणि प्योंगयांगमध्येही त्याच्या नावाचा वापर पुन्हा एका देशाची शान वाढवण्यासाठीच होत होता. त्या रात्रीची कुस्तीही अर्थात ठरलेलीच होती. इनोकी जिंकला.