अर्थमंत्र्यांचा छंद

छंद म्हणजे आवड, आणि छंद म्हणजे वृत्तही. चिंतामणराव देशमुखांच्या ठायीं हे दोन्ही अर्थ एकत्र नांदले. १८९६ सालीं महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेल्या चिंतामणरावांचें बालपण कुंडलिकेकाठच्या रोह्यांत गेलें. १९१२ सालीं मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनीं संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. केंब्रिजला मात्र वनस्पतिशास्त्र घेतलें, व १९१७ सालीं त्यांत फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकाविलें.

या दोन विद्या परस्परांपासून दूरच्या वाटतात. पण कालिदासाचें मेघदूत उघडावें. यक्ष मेघाला अर्घ्य देतो तें कुड्याच्या फुलांचें. पुढें वाटेवर केवडा, कदंब, जांभूळ भेटतात. ज्यानें कोंकणच्या डोंगरांत पावसाच्या तोंडीं फुललेला कुडा पाहिला आहे, त्याला तो श्लोक कोशावांचून उमगतो. त्याच मेघदूताचा मराठी अनुवाद चिंतामणरावांनीं केला. बागकाम हा त्यांचा दुसरा विरंगुळा.

१९४३ मध्यें ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्यें अर्थमंत्री. आंकड्यांच्या धबडग्यांत अशी आवड बहुधा वाळून जाते. १९५६ मध्यें मुंबई केंद्राच्या कारभाराखालीं ठेवण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्यांनीं मंत्रिपद सोडलें. अधिकार गेला, लेखणी राहिली. १९५७ सालीं गांधीजींच्या शंभर वचनांचे त्यांनीं रचिलेले संस्कृत श्लोक प्रसिद्ध झाले. ‘संस्कृत काव्यमालिका’ निघाली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस. तेव्हां त्यांनीं सत्तरी ओलांडली होती.