मोजणी आधी, उजळणी मागून

तीन ते सहा वर्षांच्या लेकरांच्या गणिताला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. परंतु हा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या महाराष्ट्रातच घडलेला आहे.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. पंतोजींच्या शाळेत मुलगा धुळपाटीवर अंक गिरवी आणि सायंकाळी सर्वांबरोबर एका सुरात परवचा म्हणे. नुसते पाढेच नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकीसुद्धा. ह्या शिक्षणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मापे, शेर आणि आणे यांच्या त्या जगात दुकानदाराचा व कुळकर्ण्याचा हिशेब त्यावरच चाले. पण ही शाळा थोड्या घरांतल्या थोड्या मुलांची होती, आणि तिथे अंक तोंडाने शिकायचे असत. हाताला फारसे काम नसे.

ती सवय आपल्या अंगी अजून आहे. लेकराने एकापासून वीसपर्यंत धडाधड म्हटले की आईबापांना वाटते, याला गणित येऊ लागले. त्याच लेकराला म्हणावे, "बाळ, मला पाच चिंचोके दे." ते मूठभर चिंचोके पुढे करते! म्हणजे अंकांचे नाव आले, अंक आला नाही. एका चिंचोक्याला एकच अंक, कोणताही चिंचोका सुटायचा नाही, कोणताही दोनदा मोजायचा नाही, आणि शेवटी जो अंक आला तेवढे चिंचोके, इतक्या गोष्टी त्याला समजाव्या लागतात. आणखीही एक आहे. सहा खड्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा आणि मुलासमोरच एक ओळ लांब पसरा. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणते, पसरलेल्या ओळीत खडे जास्त आहेत. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी 1941 साली मुलांच्या संख्याज्ञानावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात असे प्रयोग आहेत.

त्याच्याही आधी, 1907 साली, इटलीतील मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंनी रोम शहरातल्या गरीब वस्तीत बालगृह काढले. त्यांनी अंक मुलांच्या हातात दिला. दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत वाढत जाणाऱ्या, लाल-निळे पट्टे रंगवलेल्या दहा काठ्या. बोटाने चाचपायचे खरखरीत कागदाचे अंक. आणि शून्यापासून नऊपर्यंत खण असलेली पेटी. त्या खणांत पंचेचाळीस चात्या मोजून टाकायच्या, शून्याचा खण रिकामा ठेवायचा. शून्य म्हणजे काय, हे सांगायला मग व्याख्यान लागत नाही.

ही पद्धत आपल्याकडे रुजवली ती गिजुभाई बधेका यांनी भावनगरला, 1920 साली बालमंदिर काढून. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या, आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण अडचण पैशाची होती. ती रंगीत, घोटीव साधने शहरातल्या बालमंदिराला परवडत. खेड्यातल्या मुलाचे काय? गणित हे पैसेवाल्यांच्याच मुलांच्या हातात द्यायचे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर ताराबाईंनी 1945 साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डी येथे शोधायला घेतले. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा ह्या बायांनी शाळाच पाड्यावर नेली, त्यांच्या अंगणात मांडली. म्हणून ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आणि साधने? शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या. पैसा पडत नाही आणि मुलाच्या ओळखीचे! आदिवासी मुलाला डोके नाही, असे म्हणणाऱ्यांना कोसबाडने कामातून उत्तर दिले. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राचे नावही अंगणवाडीच होते.

आता आपल्या ब्रह्मपुरीकडे आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीकडे या. आपल्याला साधने विकत आणायला नकोत. रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधीत टाकतात, त्या मोजता येतात. टोपलीतली मोहफुले दहा-दहांच्या ढिगात मांडता येतात. उन्हाळ्यात माय तेंदूपाने जुळवून सत्तर पानांचा पुडा बांधते, तेव्हा शेजारी बसलेल्या लेकराला दहा पाने मोजायला द्यावीत. आणि ज्या घरात गोंडी बोलतात त्या घरचे मूल उंदी, रंड, मुंड असे मोजत आले, तर सेविकाताईंनी त्याला थांबवू नये. अंक त्याच्या घरच्या बोलीत पक्का झाला, की त्याचे मराठी नाव शिकायला वेळ लागत नाही.

मराठी नावेही सोपी नाहीत. एकोणीस म्हणजे विसाला एक उणा, हे पाच वर्षांच्या मुलाला कसे कळावे? म्हणून शंभराची घाई नको. दहापर्यंतची मोजणी पक्की करा. पाचात किती मिळवले की सात, आठातून तीन काढले की किती उरले, हे खड्यांनी करू द्या. लहान-मोठे, कमी-जास्त, पुढे-मागे हे शब्द खेळात येऊ द्या. पाढ्यांचे दिवस पुढे येणारच आहेत, आणि मोजणी पक्की असलेल्या मुलाला पाढेही लवकर येतात.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ एकच पायाभूत टप्पा मानला, आणि 2021 साली निपुण भारत अभियान सुरू झाले. कागदावर तर सारे आले. पण ज्या लेकराने नुसते म्हणणे शिकले ते वजाबाकीपाशी गप्प बसते, आणि आपण त्याला ढ म्हणून मोकळे होतो. पुढे तेंदूच्या फडीवर कोणी त्याचे पुडे कमी मोजले, तरी ते त्याला कळत नाही. गुरुजी, सेविकाताई, वर्गातले एखादे मूल अंक म्हणते पण मोजत नाही असे दिसले, तर पाटी थोडे दिवस बाजूला ठेवा आणि त्याच्यापुढे दहा चिंचोके ठेवा.